वर्गातील सहभाग : ४० गुण

एखादं आंतरराष्ट्रीय बिझनेस स्कूल वेगवेगळ्या संस्कृतींतल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचा किती विचार करतं, हे त्याच्या गुळगुळीत माहितीपुस्तिकेत शोधू नये. कुठल्याही एका विषयाची रूपरेषा उघडावी आणि शेवटचं गुणांचं कोष्टक बघावं. लेखी परीक्षा ३० गुण, गटप्रकल्प ३० गुण, वर्गातील सहभाग ४० गुण. सगळी मेख त्या शेवटच्या ओळीत असते.

ही ओळ आली कुठून? हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झालं आणि १९२०च्या दशकात तिथे केसपद्धत रुजली. एखाद्या कंपनीपुढचा खराखुरा पेच विद्यार्थी घरून वाचून येतात आणि वर्गात त्यावर वाद घालतात. प्राध्यापक प्रश्न विचारत चर्चा पुढे नेतो. चर्चा हाच अभ्यास असल्यामुळे गुणही चर्चेलाच. तिथल्या बऱ्याच विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गातल्या बोलण्यावर असतात. पुढे ही पद्धत जगभर गेली (१९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमनेही ती हार्वर्डच्याच सहकार्याने उचलली) आणि पद्धतीबरोबर गुणांचं कोष्टकही गेलं.

आता एकाच बाकावर बसलेले दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. एक अशा शाळांमधून आला आहे, जिथे शिक्षकांचं वाक्य मध्येच तोडणाऱ्याला हुशार म्हणतात. दुसरी अशा शाळांमधून आली आहे, जिथे पूर्ण विचार झाल्याशिवाय तोंड उघडणं उथळपणाचं मानतात आणि सगळ्यांसमोर शिक्षकांचं म्हणणं खोडणं हा चक्क उद्धटपणा ठरतो. दोघांनी केस सारखीच वाचली आहे. सत्र संपतं तेव्हा सहभागाच्या रकान्यात एकाला ३५ मिळतात आणि दुसरीला १८. या गुणांनी मोजलं काय? तयारी? समज? की कोण कुठल्या शाळेत वाढलं?

यावर ‘विद्यार्थ्यांनीच जुळवून घ्यावं’ असंही म्हणता येतं आणि ‘प्राध्यापकाने समजून घ्यावं’ असंही. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे : संस्थेला काहीच करावं लागत नाही. संस्थेने करायचं ते धोरणात्मक नियोजन. शब्द जड वाटतो, पण इथे त्याचा अर्थ साधा आहे. सत्र सुरू होण्याच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीची रूपरेषा चिकटवताना एकेका प्राध्यापकाकडून नकळत घेतले जाणारे निर्णय उचलून टेबलावर आणायचे आणि त्यांचं उत्तर संस्थेने द्यायचं.

गंमत अशी की हे नियोजन कसं करावं हे बिझनेस स्कूलं कंपन्यांना मोठी फी घेऊन शिकवतात. स्वतःच्या वर्गाची वेळ आली की मात्र ‘आमच्याकडे इतक्या देशांचे विद्यार्थी आहेत’ या वाक्यावर भागवतात.

पासपोर्ट मोजणं सोपं असतं

त्यालाही कारण आहे. बिझनेस स्कूलची पत ज्यांच्यावर ठरते, त्या मानांकनांमध्ये आणि क्रमवाऱ्यांमध्ये आंतरराष्ट्रीयपणाला वजन असतं. युरोपातली इएफएमडी ही संस्था १९९७पासून इक्विस हे मानांकन देते. त्यात आंतरराष्ट्रीयीकरण हा मुख्य निकषांपैकी एक आहे. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए क्रमवारीत परदेशी विद्यार्थी आणि परदेशी प्राध्यापक यांचं प्रमाण मोजलं जातं. जे मोजलं जातं, त्याची तजवीज होते. त्यामुळे नियोजनाच्या कागदांवर सामंजस्य करार, नवे कॅम्पस आणि देशांची संख्या यांची रेलचेल असते. वर्गाचं दार बंद झाल्यावर आत काय घडतं, याबद्दल एक परिच्छेद असला तरी पुष्कळ.

देशांच्या संख्येआड आणखी एक गोष्ट झाकली जाते. ‘आंतरराष्ट्रीय’ हे लेबल तीन अगदी निराळ्या परिस्थितींना लावलं जातं. पहिलीत अनेक देशांचे विद्यार्थी एका वर्गात येतात. दुसरीत विद्यार्थी सगळे जवळपास एकाच प्रांतातले असतात आणि प्राध्यापक विमानाने येतो, पाच दिवस शिकवतो, निघून जातो. तिसरीत एकच पदवी अनेक शहरांत दिली जाते : इन्सियाड १९५७ साली फ्रान्समध्ये फाँतेनब्लोला सुरू झालं आणि २००० साली त्याने सिंगापूरला कॅम्पस काढला; १८१९ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली ईएससीपी आज युरोपातल्या अनेक शहरांत शिकवते. पहिल्या परिस्थितीत अडचण असते विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या फरकांची. दुसरीत अडचण खुद्द प्राध्यापक असतो, कारण वर्गात परका तोच. तिसरीत प्रश्न पडतो तो हा, की सिंगापूरच्या ‘ए’चा आणि फाँतेनब्लोच्या ‘ए’चा अर्थ एकच आहे का. या तिन्हींना एकच ‘सांस्कृतिक संवेदनशीलता कार्यशाळा’ लावणं म्हणजे तीन रोग्यांना एक गोळी.

हॉफस्टेड, आणि त्यांचा होणारा गैरवापर

या विषयावरच्या कुठल्याही बैठकीत दहाव्या मिनिटाला हॉफस्टेड यांचं नाव निघतं, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबू. गीर्ट हॉफस्टेड हे डच संशोधक. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्यांनी तपासल्या. पुढे ते लोझानच्या इमेडे या व्यवस्थापन संस्थेत शिकवायला गेले (१९९० साली ती आणि जिनिव्हाची आयएमआय ही संस्था एकत्र येऊन आजची आयएमडी झाली). तिथे वेगवेगळ्या कंपन्यांतून आलेल्या व्यवस्थापकांनाही त्यांनी तेच प्रश्न दिले आणि देशादेशांतला फरक पुन्हा तसाच दिसला. १९८० साली त्यांनी मांडणी केली ती चार मोजपट्ट्यांची : वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर लोक किती गृहीत धरतात, माणूस स्वतःकडे आधी बघतो की गटाकडे, अनिश्चितता किती खुपते, आणि स्पर्धेला महत्त्व की जपणुकीला. आणखी दोन मोजपट्ट्या नंतर जोडल्या गेल्या.

काम मोठं होतं. त्यावरची टीकाही ठोस आहे : एकाच कंपनीचे लोक म्हणजे अख्खा देश कसा, आणि एका देशाला एकच आकडा कसा पुरेल? पण वर्गात याहून घातक ठरते ती वापरण्याची रीत. हे आकडे देशांच्या सरासरीचे आहेत. हॉफस्टेड स्वतःच बजावत की सरासरीवरून एका माणसाबद्दल अनुमान काढू नये. आणि एमबीएला परदेशी जाणारा विद्यार्थी तर आपल्या देशाच्या सरासरीपासून बराच लांब असतो : घर सोडलेला, इंग्रजी येणारा, चार-पाच वर्षं नोकरी केलेला, अनेकदा तिसऱ्याच देशात. तक्ता पाहून ‘ही अमुक देशाची, म्हणजे गप्प बसणार’ असं ठरवणारा प्राध्यापक तक्ता न पाहिलेल्या प्राध्यापकापेक्षा जास्त नुकसान करतो. त्याच्या गैरसमजाला आता आकड्यांचा आधार असतो.

वर्तनाचा अर्थ आपल्या सवयीने लावला की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण हाँगकाँगमधलं. पाश्चात्त्य शिक्षकांना वाटे, चिनी विद्यार्थी नुसती घोकंपट्टी करतात. मग त्यांचे निकाल इतके चांगले कसे, हा प्रश्न शिक्षणाचे अभ्यासक जॉन बिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लावून धरला. त्यांना आढळलं की पुष्कळ विद्यार्थी पाठांतर करतात ते समजून घेण्यासाठीच : पुन्हा पुन्हा वाचताना अर्थ उलगडत जातो. बाहेरून घोकंपट्टी दिसत होती. आत अभ्यास चालला होता. वर्गातल्या शांततेचंही तसंच. गप्प विद्यार्थी कंटाळलेला असेल, घाबरलेला असेल, मनातल्या मनात भाषांतर करत असेल किंवा समोर चाललेल्या बडबडीवर नाराज असेल. ते पाहायचं तर त्याला विचारावं लागतं. तक्ता उत्तर देत नाही. फार तर काय विचारावं, ते सुचवतो.

मग त्या ४० गुणांचं काय करायचं?

बिग्ज यांनीच १९९६ साली एक सूत्र मांडलं, ते इथे फार उपयोगी पडतं : विषयातून काय साधायचं आहे, त्यासाठी वर्गात काय करून घेतलं जातं आणि शेवटी गुण कशाला दिले जातात, या तिन्हींचा मेळ हवा. ४० गुणांची ओळ या कसोटीवर धरली की लगेच दिसतं की मधली कडीच गायब आहे. भर वर्गात मुद्दा मांडायला कुणी शिकवलेलंच नसतं, गुण मात्र त्याचेच दिले जातात.

माझं मत सरळ आहे : जे शिकवलं नाही, त्याचे गुण देऊ नयेत. बोलणं महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. उद्या याच विद्यार्थिनीला संचालक मंडळापुढे उभं राहायचं आहे. तिला बोलण्यातून सूट देणं म्हणजे तिला कमी लेखणं. पण हे कौशल्य असेल, तर ते पहिल्या दोन आठवड्यांत शिकवावं. चांगला मुद्दा कशाला म्हणायचं, दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं असेल तर इथे ते कसं खोडतात, अर्धवट विचार बोलून दाखवलेला चालतो का, हे नियम उघड सांगावेत आणि या काळात गुण देऊ नयेत. ज्यांना हे नियम लहानपणापासून ठाऊक आहेत, त्यांना ते नियम वाटतच नाहीत. परका तिथेच अडतो.

बाकीच्या युक्त्या छोट्या आहेत, पण चालतात. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी शाळेतल्या विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण केलं होतं : प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरं लांबली, नेमकी झाली आणि जास्त मुलं बोलू लागली. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्याला तीनही कमीच. त्यापेक्षा दोन मिनिटं सगळ्यांनी आधी लिहावं आणि मग बोलावं, हे बरं. कुणाला बोलतं करायचं असेल, तर ते आदल्या दिवशी सांगता येतं. चाळीसमधले पंधरा गुण वर्गानंतरच्या लेखी टिपणाला देता येतात. कुठला मार्ग घ्यायचा हे प्राध्यापक ठरवो. पण सहभागाला पंचविसाहून जास्त गुण द्यायचे तर आधी तो शिकवावाच लागेल, हा नियम संस्थेचा हवा.

सतरा आठवडे

गटप्रकल्पाच्या ओळीत तर याहून मोठा नियोजनाचा प्रश्न दडला आहे आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वॉरन वॉटसन, कमलेश कुमार आणि लॅरी मायकेलसन यांनी १९९३ साली व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही गट एकाच पार्श्वभूमीचे होते, काही मिश्र. सगळ्यांना सतरा आठवडे ठरावीक अंतराने केस सोडवायला दिल्या. सुरुवातीला मिश्र गट स्पष्टपणे मागे होते. त्यांचा वेळ आपसात ताळमेळ बसवण्यात जाई. शेवटी शेवटी एकूण कामगिरीत दोघे बरोबरीला आले. समस्येकडे किती बाजूंनी पाहिलं आणि किती पर्याय सुचवले, या दोन बाबतींत तर मिश्र गट पुढे गेले.

आता हे वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. पुष्कळ एमबीए अभ्यासक्रमांत विषय सात-आठ आठवड्यांत संपतो आणि दर विषयाला नवा गट पडतो, ‘विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त लोकांबरोबर काम करता यावं’ म्हणून. हेतू छान. परिणाम असा की मिश्र गटाची सगळी कुतरओढ दर वेळी नव्याने वाट्याला येते आणि फळ हाती लागायच्या आत गट मोडतो. वर्षअखेर विद्यार्थी शिकून काय जातात? परक्या लोकांबरोबर काम करणं त्रासाचं असतं, एवढंच. संस्थेच्या ध्येयवाक्याच्या नेमकं उलट! आणि हे एकटा प्राध्यापक दुरुस्त करू शकत नाही. गट वर्षभर एकच ठेवायचा की निदान दोन सत्रं, हे वेळापत्रक बनवणाऱ्या कार्यालयाच्या हातात असतं. त्या कार्यालयाला नियोजनाच्या बैठकीला बोलावलंच जात नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

गुणांची भाषाही देशागणिक बदलते. जर्मनीत १ हा सर्वोत्तम शेरा, रशियात ५. फ्रान्समध्ये २०पैकी १६ म्हणजे उत्तम आणि २० जवळपास कुणालाच मिळत नाहीत. तिथून आलेला प्राध्यापक शंभरपैकी सत्तर देऊन खूश असतो आणि नव्वदीची सवय असलेला विद्यार्थी खचतो. रूपरेषेत दोन ओळी घातल्या की काम भागतं.

वेळापत्रकाचंही तसंच. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. संयुक्त अरब अमिरातींनी २०२२च्या जानेवारीपासून आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर नेली. परीक्षेच्या तारखा तीन वर्षं आधी या पंचांगावर ठेवून पाहिल्या, तर शेवटच्या क्षणीच्या सवलती आणि त्यावरची कुजबुज दोन्ही टळतात.

केसचा प्रश्न मात्र किरकोळ नाही. वर्गात वापरल्या जाणाऱ्या केस मोठ्या प्रमाणावर अमेरिका आणि पश्चिम युरोपातल्या कंपन्यांच्या असतात. त्या वाईट असतात असं नाही, पण त्यांत काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : न्यायालयं वेळेवर निकाल देतात, भागधारक विखुरलेले आहेत, मालक आणि व्यवस्थापक वेगळे आहेत. कुटुंबाच्या मालकीच्या उद्योगातून आलेल्या विद्यार्थ्याला हे परग्रहावरचं वाटतं. उपाय सगळ्यांना माहीत आहे : नव्या केस लिहा. मग लिहीत का नाहीत? कारण एक चांगली केस लिहायला महिने जातात आणि बढतीच्या वेळी ती शोधनिबंधापुढे फिकी पडते. बढतीचा नियम बदलल्याशिवाय ‘विविध प्रदेशांतील केसचा समावेश करावा’ हे वाक्य लिहिणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं. शांघायच्या सीबससारखी संस्था (चीन सरकार आणि युरोपीय संघ यांनी मिळून १९९४ साली काढलेली) चिनी कंपन्यांवरच्या केस सातत्याने तयार करते, कारण तिने ते स्वतःचं काम मानलं आहे.

संस्कृतीच्या माथी काय मारू नये

व्यवस्थापनाचे अभ्यासक पंकज घेमावत यांनी २००१ साली कंपन्यांसाठी चार प्रकारची अंतरं सांगितली : सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. बिझनेस स्कूललाही ही यादी चपखल बसते, कारण संस्कृती हे सगळ्यात सोयीचं निमित्त आहे. गट मोडला, ‘संस्कृती वेगळी’. विद्यार्थी तासाला येत नाहीत, ‘संस्कृती वेगळी’. नीट पाहिलं तर कुणी व्हिसाच्या अटीमुळे ठरावीक तारखेआधी नोकरी मिळवण्याच्या धडपडीत असतो, कुणी कर्ज फेडायच्या चिंतेत. कॅम्पसच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००७ साली सिंगापूरला विद्यापीठ उघडलं आणि पहिल्याच सत्रानंतर बंद केलं. तिथे शिकवण्याची पद्धत चुकली नव्हती. विद्यार्थी अपेक्षेच्या निम्म्यानेच आले आणि खर्च झेपेना. शिकागोच्या बूथ स्कूलने आपला आशियातला कॅम्पस सिंगापूरहून हाँगकाँगला हलवला, तोही काही वर्गातल्या सवयींमुळे नव्हे.

कागदावर काय लिहायचं

माझ्या मते एक पान पुरेसं आहे. त्यावर आधी न बदलणाऱ्या गोष्टी लिहाव्यात : उसन्या मजकुराबद्दलचे नियम, गुणांचा अर्थ, गटात प्रत्येकाला समान जागा, परीक्षेची काठिण्यपातळी. जगात कुठेही वर्ग भरला तरी या तशाच राहतात. मग प्रत्येक कॅम्पसने ठरवायच्या : केस कुठल्या, तासांच्या वेळा, पाहुणे वक्ते. बाकीच्या प्राध्यापकावर सोडायच्या. पहिली यादी छोटी ठेवणं अवघड जातं. ती नसली, तर मात्र ‘आमच्याकडे हे चालतं’ या सबबीपुढे संस्थेकडे उत्तर उरत नाही. उसन्या मजकुराबाबत तर नियम कडक असण्याइतकंच तो सरावाने शिकवणंही गरजेचं आहे. थोरांची वाक्यं जशीच्या तशी लिहिणं हा आदर मानणाऱ्या परंपरा आहेत. तिथून आलेल्याला पहिल्याच निबंधावर शिक्षा करण्यात काही शहाणपण नाही.

पाच दिवसांसाठी येणाऱ्या प्राध्यापकाला स्थानिक सहकाऱ्याची जोड द्यावी आणि त्या सहकाऱ्याच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत. फुकटची मदत दुसऱ्या वर्षी आटते.

आणि वर्षाच्या शेवटी काय बघायचं? एकच तुलना आधी करा : सहभागाचे गुण आणि नाव झाकून तपासलेल्या लेखी परीक्षेचे गुण. एखाद्या पार्श्वभूमीचे विद्यार्थी लेखीत इतरांच्या बरोबरीने असून सहभागात सतत मागे राहत असतील, तर दोष मोजमापात आहे. दोन्हींत मागे असतील, तर प्रवेशाच्या निकषांकडे किंवा भाषेच्या तयारीकडे बघावं लागेल. वर्गात एका देशाचे दोघेच असले तर ते लगेच ओळखू येतात, म्हणून आकडे अनेक वर्गांचे आणि वर्षांचे एकत्र करून पाहावेत.

आकडे आल्यावर पहिला विरोध बहुधा त्याच प्राध्यापकाचा होतो, ज्याला विद्यार्थी सर्वाधिक पसंती देतात. त्याच्या तासाला वर्ग दणाणून जातो आणि त्याचा मुद्दाही खोटा नसतो : नियमांनी चर्चेतला जीव जाईल. अशा वेळी डीनने काय करायचं, हे आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवलेलं बरं. फरक किती झाला की रूपरेषा बदलायची, कुणी बदलायची आणि कुठल्या सत्रापासून.